देवापुढं संत्रं अख्खंच ठेवतात

परवा पुण्याला भाचीकडे गेले होते. चहा झाला आणि तिनं फ्रिजमधून एक इवलीशी काचेची बरणी काढली. बरणीच्या गळ्याला सुतळीची गाठ, वर इंग्रजीत चिठ्ठी. चिमट्यानं, हो, चिमट्यानं, तिनं आतून चार पातळ कातळ्या काढून बशीत ठेवल्या आणि म्हणाली, "मावशी, खाऊन बघ. तुला माहीत नसेल. संत्र्याच्या साली आहेत. फेकून द्यायच्याऐवजी असं करतात आता. वाया काही जात नाही."

असं करतात आता!

मी एक तुकडा तोंडात टाकला. गोड बरा होता, पण कडूपणा नीट काढलेला नव्हता आणि वरची साखर दाताखाली वाळूसारखी करकरत होती. पण माझं डोकं फिरलं ते चवीनं नाही. भाचीवरही नाही, तिचं काय चुकलं बिचारीचं. मला राग आला आमच्या गल्लीचा, आमच्या देवळाच्या कमिटीचा आणि त्या घंटागाडीचा, जिच्यात हीच वस्तू, याहून दसपट चांगली, माझ्या डोळ्यांदेखत ओतली गेली होती.

"काय झालं गं? आवडलं नाही का?" भाची म्हणाली.

"आवडलं. पण तू अन्सामावशींना ओळखत नाहीस ना," मी म्हणाले, आणि मग जी बोलत सुटले ती सुटलेच. भाचीचा नवरा मोबाईल बघत बघत उठून गेला. भाचीला स्वयंपाकघरात काहीतरी आठवलं. म्हणून आता लिहायला बसलेय. कागद उठून जात नाही.

अन्सामावशी म्हणजे अनसूया. माहेर राजगडाच्या पायथ्याचं, पालीचं. सासर उत्रोलीचं. मालक गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि मावशी भोरला आमच्या गल्लीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या. उंचीनं एवढ्याशा. आवाज मात्र असा की पालीत हाक मारली तर गडावरच्या माणसानं ओ द्यावी. हातात कायम एक कापडी पिशवी, ब्लाऊजपिसांचे उरलेले तुकडे जोडून शिवलेली. ते तुकडे माझ्याच मशीनखालचे. मी शिवणकाम करायची आणि चिंध्या कोपऱ्यात सारायची. पहिल्याच आठवड्यात मावशी दारात उभ्या. "सुमे, ह्या चिंद्या तुला नकू आसल्या तर मला दे. आन् हव्या आसल्या तर आशा तुडवू नकू."

ही त्यांची ओळख.

त्यांना टाकणं बघवत नसे. आता कुणी म्हणेल, जुन्या बायका सगळ्या तशाच. नाही हो. जुन्या बायका साठवतात. खोक्यावर खोकी रचतात, पिशवीत पिशव्या कोंबतात, आणि मेल्यावर सुनेला ते सगळं टाकावं लागतं. मावशींच्या खोलीत साठवलेलं काहीच नसायचं. आलं, त्याचं काहीतरी झालं, आणि ते कुणाच्या तरी हातात गेलं. "फेकायला अक्कल लागत न्हाई," त्या म्हणायच्या, "आन् नुसतं ठिवायला बी लागत न्हाई. त्येचं काय करायचं ते कळाया लागती."

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला लोक घाबरायचे. एकदा एका पाहुण्यानं जिलेबीचा एक घास खाऊन बाकीची पानात ठेवली आणि उठायला लागला. मावशींनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. "पावनं, तिला काय झालं? आजारी हाय का?" तो बिचारा परत खाली बसला आणि सगळी जिलेबी संपवून, बोटं चाटून उठला.

पण त्यांचा खरा जीव सालीत. संत्र्याची, मोसंबीची, लिंबाची. त्याचं मूळ पालीला आहे. त्यांच्या माहेरच्या परड्यात ईडलिंबाचं झाड होतं. ईडलिंबू म्हणजे जाड सालीचं, खरखरीत, आत रस कमी आणि बाहेर सालच साल. त्यांची आई ती साल गुळात मुरवून ठेवायची. तोंड आलं, अन्न जाईना, बाळंतिणीला मळमळलं, की त्यातली एक कातळी. झाड एका वादळात पडलं. आई त्याआधीच गेली होती. हात मात्र राहिला, आईचा मावशींच्या अंगात. ईडलिंबू नाही तर संत्रं, गूळ परवडला तर गूळ, नाहीतर साखर.

करायची रीत सांगते, कारण त्या चिमटेवाल्यांना ती येत नाही. साल आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर. सकाळी चोळून धुवायची, म्हणजे वरचं मेण, औषध काय असेल ते जातं. आतला पांढरा पापुद्रा चमच्यानं खरवडायचा, पण सगळा नाही. "समदा काडला तर नुसतं कातडं ऱ्हातं. थोडं मास ठिवायचं." मग विळीवर लांब लांब चिरायची. उकळायची, पाणी काढायचं. परत उकळायची, परत पाणी काढायचं. हे पाणी फेकायचं नाही. त्या पाण्यानं मावशींची तांब्याची भांडी अशी लखलखायची की त्यात बघून कुंकू लावावं. मग साखरेच्या पाकात, मंद आचेवर, ढवळायचं कमी आणि बघायचं जास्त. साल काचेसारखी आरपार दिसायला लागली की खाली उतरवायची. चाळणीवर पसरायची, वर जुन्या धोतराचं पान. वाळली की पिठीसाखरेत घोळायची, किंचित, नावाला. उरलेल्या पाकाचं सरबत.

"घाई केली की कडू ऱ्हाती," त्या म्हणायच्या. "माणसावानीच हाय. आदी कडूपना भायेर येऊ द्यावा, मंग गोड बोलावं."

त्यांच्याबरोबर मी एकदा पालीला गेले होते. भोरहून एसटीनं कापूरहोळला उतरायचं आणि पुढची गाडी धरायची. तिथं नाक्यावर मोसंबीच्या रसाचा एक गाडा होता. गाड्यामागं सालींचा हा ढीग, निम्मा रस्त्यावर घसरलेला, वरून ट्रकची चाकं जाऊन चिखल झालेला. मावशी थबकल्या.

"अरं ए, ह्ये काय केलंस?"

"काय केलं आजी?"

"निम्मं फळ लोकास्नी पाजलंस आन् निम्मं रस्त्यावर टाकलंस."

"साल हाय ती. कचरा."

"तू जलमलास तवा आईनं तुला दुपट्यात गुंडाळलं व्हतं का न्हाई?"

"व्हय. गुंडाळलं आसंल."

"मंग तुला घेतलं आन् दुपटं उकिरड्यावर टाकलं का तिनं?"

तो गाडेवाला हसायला लागला. "न्हाई आजी. आमी चार भावंडं. चौघांला त्येच दुपटं."

"मंग? शान्या माउलीच्या पोटचा हायेस आन् आसं करतोस?"

पुढच्या वेळी आम्ही उतरलो तर त्यानं ताज्या साली वेगळ्या टोपल्यात ठेवल्या होत्या, वर ओलं फडकं टाकून. मावशींनी पिशवी भरली. पुढच्या एसटीत चढलो तर कंडक्टर गुरकावला, "ओ आजी, मंडईची गाडी न्हाई ही. ती पिशवी खाली."

"आदी वास तर घे," मावशी म्हणाल्या.

गाडी निघाली. वळणं सुरू झाली तशी पुढची एक बाई खिडकीशी वाकली, तोंडाला पदर. मावशी उठल्या, एक साल मोडून तिच्या नाकाशी चुरगाळली. फस्सकन बारीक तुषार उडाले आणि त्या बाईचा जीव थाऱ्यावर आला. मग मागून एकीनं मागितली, मग एका म्हाताऱ्यानं. मार्गासनी गाव येईस्तोवर निम्मी गाडी नाकाशी साल धरून बसली होती. शेवटी कंडक्टरच मान वळवून म्हणाला, "आजी, हिकडं बी एक द्या."

"घे. पन ती पिशवी आता कुठं ठिवू?"

"माझ्या शिटवर ठिवा," तो म्हणाला.

पालीत त्यांच्या भावाचं घर अगदी वाटेवर. थंडीच्या दिवसांत रविवारी गड चढायला शहरातली पोरं झुंडीनं येतात. पाठीवर भलीमोठी ओझी, आणि त्यात हमखास संत्री, कारण चढताना तहान लागते. सोलायचं, खायचं, साल वाटेवर. कुणी टोकलं तर म्हणायचं, "काकू, कुजतं ते. नैसर्गिक आहे."

"तू बी नैसर्गिकच हायेस की," मावशी म्हणायच्या. "टाकू का तुला हितं?"

भावाच्या ओट्यावर त्या पाण्याची कळशी घेऊन बसायच्या. उतरणाऱ्या प्रत्येक पोराला हाक. "गडावर काय टाकलं? साल कुठं हाय? दावा." साल परत आणली असेल तर हातावर एक पाकातली कातळी. आणली नसेल तर नुसतं पाणी आणि वर सगळ्यांसमोर ओरडा. "म्हाराजांच्या गडावर उकिरडा करता, आन् खाली येऊन जयजयकार करता!" पुढंपुढं अशी गत झाली की पोरं वर जाताना विचारून जायची, "आजी, आज आहे का ती गोड साल?" आणि खाली येताना दुसऱ्यांनी टाकलेल्यासुद्धा गोळा करून आणायची. मावशी त्यातली चांगली निवडायच्या, पायदळी आलेली भावाच्या खतात घालायच्या. कुठली खायची आणि कुठली खताची, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढं लागणार आहे.

आता मार्गशीर्ष. आमच्या गल्लीत मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे थाट. घराघरात पाटावर घट, त्याला दागिने, पुढं पाच फळं मांडलेली. संत्र्याचा हंगाम, म्हणून त्यात संत्रं असायचंच. दुसऱ्या दिवशी ती फळं घरात खायची. शुक्रवारी सकाळी मावशी पिशवी घेऊन निघायच्या आणि दारोदार साल गोळा करायच्या. बायका द्यायच्या. मागच्या दारानं.

मागच्या दारानंच. कारण आदल्या संध्याकाळच्या हळदीकुंकवाला ह्या एकाही घरातून मावशींना बोलावणं नसायचं. विधवा ना. गुरुवारी दारात रांगोळ्या, बायकांची ये-जा, आणि मावशी आपल्या खोलीत दिवा लावून बसलेल्या. शुक्रवारी त्याच घराच्या मोरीपाशी उभ्या. मला संताप यायचा. एकदा म्हटलंच, "मावशी, तुम्हाला वाईट कसं वाटत नाही?"

त्यांनी विळीवरची नजर काढली नाही. "आतलं त्येंचं, भायेरचं माजं," म्हणाल्या. "भायेरचंच टिकतं, सुमे."

पण एक जागा होती जिथं मावशी मागच्या दाराला नव्हत्या. गल्लीतलं दत्ताचं देऊळ. दत्तजयंतीला देवळामागच्या अंगणात चूल मांडून शिरा व्हायचा, आणि त्या कढईवर मावशी. कितीतरी वर्षं. आधीचे पुजारीबुवा होते, आताच्या बुवांचे वडील, त्यांनीच त्यांना बसवलं होतं. तेव्हाही कुणीतरी कुजबुजलं होतं, विधवेच्या हातचा प्रसाद वगैरे. थोरले बुवा म्हणाले, "चुलीला कपाळ दिसत नाही. हात दिसतो." विषय संपला.

त्या शिऱ्यात काजू-बेदाणे कमी आणि मावशींच्या साली जास्त. बारीक चिरलेल्या, तुपात एकदा परतून घातलेल्या. लोक द्रोणात बोट घालून साल शोधायचे. नानासाहेबसुद्धा. हे नानासाहेब म्हणजे आता जे कमिटीचे अध्यक्ष आहेत ते. मी माझ्या डोळ्यांनी त्यांना दुसरा द्रोण मागताना पाहिलंय.

तर हे नानासाहेब अध्यक्ष झाले आणि देवळाचं सगळं चकचकीत करायला निघाले. फरशा आल्या. लाऊडस्पीकर आला. पाटी आली, त्यावर त्यांचं नाव देवाच्या नावाएवढ्याच अक्षरांत. आणि दत्तजयंती जवळ आली तसा कुणीतरी गल्लीतल्या मोबाईलच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. काय होतं त्यात? देवळामागं एक म्हातारी पिंपात वाकलीय आणि साली काढून पिशवीत भरतेय. खाली लिहिलेलं, 'आपल्या प्रसादात काय जातं बघा.'

ते पिंप मावशींचंच होतं. घासून, धुऊन, वर फडकं बांधून त्यांनी तिथं ठेवलेलं, लोकांनी देवाची फळं सोलली की साल त्यात टाकावी म्हणून. हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पण व्हिडिओत फडकं दिसत नव्हतं. म्हातारी दिसत होती आणि पिंप दिसत होतं. ज्या बायका दर शुक्रवारी आपल्या हातानं साल देत होत्या त्यांनीच खाली 'शी' म्हणून तोंडं वाकडी केलेली चित्रं टाकली. मावशींकडे मोबाईल नव्हता. सगळ्या गल्लीत हे माहीत नसलेलं एकच माणूस होतं, आणि त्यांना सांगायला मी गेले तर दाराला कुलूप. साखर संपली म्हणून त्या बाजारात गेल्या होत्या. तिथून परस्पर उत्रोलीला नणंदेकडे मुक्काम, सालींचा डबा बरोबरच, राहिलेल्या साली तिथंच साखरेत घोळायच्या म्हणून.

दत्तजयंतीच्या सकाळी मावशी आल्या त्या थेट देवळात. नऊवारी धुतलेली, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत सालींचा डबा धरलेला. मागच्या अंगणात गेल्या आणि उभ्याच राहिल्या. कढईवर आचारी होता. कुठला तरी, कमरेला टॉवेल, तोंडात तंबाखू.

नानासाहेब पुढं झाले. "या मावशी, या. बसा. ह्या वर्षी आचारी सांगितलाय. तुमचं वय झालं आता. विश्रांती घ्या."

"विश्रांती म्या मागितली व्हती का?"

"तसं नाही. लोकांच्या तक्रारी आहेत. कचऱ्यातलं प्रसादात घातलेलं बरं दिसत नाही."

"कचऱ्यातलं?"

मावशींनी डब्याचं झाकण काढलं. सगळ्या अंगणात तो वास पसरला. आचाऱ्यानंसुद्धा मान वळवली. मावशींनी डबा नानासाहेबांपुढं धरला नाही. आताचे पुजारीबुवा दारात उभे होते, त्यांच्याकडं वळल्या.

"बुवा, एक सांगा. देवापुढं संत्रं कसं ठिवता? सोलून का अख्खं?"

"अख्खंच ठेवतात, मावशी."

"मंग निवद कशाचा झाला? फोडीचा का अख्ख्याचा?"

बुवांनी नानासाहेबांकडं बघितलं. नानासाहेब घड्याळाकडं बघत होते.

"बोला की. देवानं फोड खाल्ली आन् साल तुमच्या अंगावर थुकली का? अख्खं ठिवलं, अख्ख्याचा निवद झाला, अख्खा परसाद झाला. परसादाचा एक कन खाली पडला तर तुमी उचलून डोळ्याला लावता. आन् निम्मा परसाद गटारात टाकता. त्यो म्या उचलला. आता सांगा, कचरा कुनी केला?"

मी म्हणाले, "नानासाहेब, तुम्हीच तर मागच्या वर्षी दुसरा द्रोण..."

"तुम्ही मधे पडू नका," नानासाहेब म्हणाले. "आणि मावशी, शास्त्र आम्हाला शिकवू नका. आरतीची वेळ झालीय."

बाहेर घंटागाडी आली होती. तिचं ते गाणं वाजत होतं. नानासाहेबांनी कमिटीतल्या एकाला डोळ्यानं खूण केली. त्यानं मावशींच्या हातातला डबा घेतला. हिसकावला नाही, नाही, सगळं सभ्यपणे चाललं होतं. घेतला आणि बाहेर नेला. मी मागून गेले. घंटागाडीवरचा माणूस डब्यात डोकावला आणि त्यानं विचारलं, "ओला का सुका?"

काय सांगणार? ओला का सुका! उन्हात आरपार दिसणाऱ्या, एकेक सुटी केलेल्या, महिनाभर खपून केलेल्या त्या साली. कमिटीवाल्यानं डब्यात बघितलं. तो म्हणाला, "प्रसाद आहे." आणि त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. मग घाईघाईनं डबा उपडा केला.

बघा. ह्या गल्लीत त्या सकाळी मावशींच्या सालींना प्रसाद म्हणणारा एकच माणूस निघाला, आणि तो त्या घंटागाडीत ओतत होता.

मावशी रडल्या नाहीत. रिकामा डबा परत आला तो त्यांनी देवळाच्या नळावर धुतला. पदरानं पुसला. झाकण लावलं आणि घरी गेल्या. आरतीला थांबल्या नाहीत.

त्या दिवशीच्या शिऱ्याचं सांगते. तूप ओतलेलं, रंग टाकलेला, घशाला चिकटणारा. निम्म्या लोकांनी निम्मा द्रोण टाकला. उरलेला एवढा होता की संध्याकाळी टेम्पोत घालून नेला आणि पुलावरून नीरेत सोडला. का? तर देवाचा आहे, कचऱ्यात कसा टाकायचा. वरून हात जोडले. तो प्रसाद! नदीत नासवलेला तो प्रसाद आणि मावशींचा तो कचरा! ह्याला शास्त्र म्हणायचं असेल तर म्हणा तुम्ही. मला चौथीपलीकडचं शिक्षण नाही, पण ह्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते मी इथं लिहीत नाही.

पुढच्या शुक्रवारी मावशी साल मागायला निघाल्या नाहीत. बायका मागच्या दाराशी साली घेऊन उभ्या. गायीपुढं टाकली तर गायसुद्धा हुंगून पुढं जायची. माझ्याकडं आल्या, "अगं सुमनताई, हे काय करायचं आता?"

"घंटागाडीवाल्याला विचारा," मी म्हणाले. "ओला का सुका ते आधी ठरवून ठेवा."

वर्षभर मावशींनी सालीला हात लावला नाही. विळी भिंतीला टेकलेली. बाकी सगळं चालू होतं, भाजीची देठं, भाताची पेज, चिंध्यांच्या पिशव्या. पण त्यांच्या हाताचा तो वास गेला. शेजारून जाताना चुकल्यासारखं व्हायचं. पालीहून भाऊ आला होता, म्हणाला, "चल आक्का, हितं काय ठिवलंय?" मावशी म्हणाल्या, "येते. दत्तजयंती झाली की येते."

आणि दत्तजयंतीला त्या आल्या. ह्या वेळी समोरच्या दारानं. हातात डबा नव्हता. एकच संत्रं होतं, देठाला हिरवं पान असलेलं. रांगेत उभ्या राहिल्या, संत्रं बुवांच्या हातात दिलं, बुवांनी ते देवापुढं ठेवलं. आरती झाली. बुवा एकेकाला फळं परत द्यायला लागले. मावशींना त्यांनी हाताशी आलेलं केळं दिलं.

"न्हाई बुवा. माजं त्येच द्या. पानाचं."

बुवांनी शोधून दिलं. मावशी ते घेऊन देवळाच्या पायरीवर बसल्या. अगदी मधोमध, जिथून सगळ्यांना जावं लागतं तिथं. संत्रं सोललं, एका लांब पट्टीत, तुटू न देता. फोडी सुट्या केल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर एकेक ठेवल्या. लोक घेत होते, डोळ्याला लावत होते, खात होते. फोडी संपल्या. मग मावशींनी ती साल मोडली आणि तिचा एक तुकडा तोंडात घातला. कच्चा. आणि चावायला लागल्या.

माणसं थांबली. मावशी सावकाश चावत होत्या, मान ताठ, डोळ्यांत कडूपणाचं पाणी. बिया पदराच्या टोकात बांधलेल्या. मागच्या अंगणातून आचाऱ्याच्या शिऱ्याचा वास येत होता.

पुजारीबुवा बाहेर आले. जवळ जाऊन हळूच म्हणाले, "मावशी, कडू नाही का लागत?"

"लागतंय की," मावशी म्हणाल्या. "शिजवू कुटं दिलंत?"

बुवा खाली वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. मावशींनी त्यात एक तुकडा ठेवला. बुवांनी तो कपाळाला लावला आणि खाल्ला. तोंड वाकडं झालं, डोळे भरले, पण थुंकले नाहीत. प्रसाद थुंकता येत नाही.

तेवढ्यात नानासाहेब आतून आले. पायरीवरून उतरायचं तर मावशींना ओलांडून जावं लागणार.

"घ्या नानासायेब," मावशींनी उरलेला तुकडा वर केला. "अख्ख्यातला हाय."

सगळे बघत होते. बुवा अजून चावत होते. नानासाहेबांनी हात पुढं केला. तुकडा घेतला, डोळ्याला लावल्यासारखं केलं, खिशातून पांढरा रुमाल काढला, त्यात तो गुंडाळला आणि रुमाल खिशात ठेवला. पुढं त्याचं काय केलं ते त्यांचं त्यांना माहीत.

मावशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दमानं. पिशवी खांद्याला लावली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या. पालीची गाडी कापूरहोळहून दुपारी होती. वळणापर्यंत मला त्यांचा पदर दिसत होता, टोकाला बियांची गाठ.

देवळात झाडलोट करणारी बाई खराटा घेऊन आली आणि पायरीपाशी थांबली. खाली वाकून बघितलं. साल नव्हती, बी नव्हती, एक शीरसुद्धा नव्हती. झाडण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.